उणे सोळा: लेहच्या थंडीत बंद पडलेल्या डिझेल गाडीच्या नोंदी

गाडी बाबांची. २०१३ची डिझेल एसयूव्ही, चार सिलिंडर, कॉमन रेल (डिझेल उच्च दाबाने फवारणारी रचना), १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. आठ वर्षं रत्नागिरीत बाबांच्या हाताखाली चालली, मग माझ्याकडे पुण्याला आली. नोव्हेंबरात मी ती पठाणकोट-श्रीनगर-झोजिला खिंडीमार्गे लेहला आणली, कारण पुढचे चार महिने निमूजवळच्या एका शाळेत उन्हावर गरम राहणाऱ्या वर्गखोल्यांची तापमानं मोजायची आहेत आणि रोज ३५ किलोमीटर जाण्यासाठी दुसरी सोय नाही. राहते लेहच्या संकर भागात, साधारण ३,५०० मीटर उंचीवर. कामाच्या नोंदवहीतच मागच्या पानांवर हे लिहिते आहे.

११ डिसेंबर २०२२, सकाळी ७.१०, बाहेर उणे १६

किल्ली फिरवली, ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या कांडीचा) दिवा विझू दिला, सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. चाळीसेक सेकंद नीट चालली, मग आवाज बसत गेला, इंजिनाने दोन गचके दिले आणि बंद. त्यानंतर पेटली नाही. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फिरतं, पण पकडत नाही.

मी सात वेळा सेल्फ मारला, दर वेळी दहा-बारा सेकंद. हे चुकलं. सातव्या वेळी सेल्फचा आवाज मंदावला, म्हणजे एक बिघाड शोधायच्या आधी मी दुसरा तयार केला. मीटर लावला तर बॅटरी १२.०५ व्होल्ट. एवढ्यावर ती पाव भरलेली म्हणायची.

शेजारचे आचो-ले (लडाखीत आदराने 'थोरले भाऊ') आले. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. बोनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "नोमो, डीज़ल जम गया." मला ते पटलं नाही, कारण गेल्याच आठवड्यात उणे ११ला ही गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली होती. रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी बॅटरी बदला म्हणून सांगितलं.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "बाय, सेल्फ घेते का?" हो म्हटलं. "मग बॅटरीला दोष देऊ नकोस. सुरू होऊन बंद पडली म्हणजे नळीत होतं तेवढं डिझेल जाळलंन आणि पुढचं आलं नाही."

आचो-ले आणि बाबा एकमेकांना ओळखत नाहीत. एक हिमालयात, एक समुद्रकाठी. दोघांनी एकच गोष्ट सांगितली, आणि तरीही मी उद्या आधी बॅटरी चार्ज करून बघणार आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कळेल कशामुळे काय झालं. बॅटरी काढून शेलखांगमध्ये, म्हणजे घराच्या दक्षिणेकडच्या काचेच्या खोलीत, चार्जिंगला ठेवली आहे. बुखारीच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीच्या, खोलीत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि बुखारीत जाळ असतो.

१२ डिसेंबर, उणे १५

बॅटरी १२.६६. पूर्ण भरलेली. बसवली, सेल्फ मारला, फक्त दोन वेळा. इंजिन पुण्यातल्या जानेवारीसारखं फिरलं. पकडलं नाही. धूरही नाही. धूर नाही याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. बॅटरीचा विषय इथे संपला.

डिझेल फिल्टर काढला. हातमोज्यात पाना धरवत नाही आणि हातमोजे काढले की लोखंड बोटांना चिकटतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी हात काखेत घालून बसावं लागत होतं. फिल्टरचा डबा उलटा केला. काहीच सांडलं नाही. आत कागदाच्या प्रत्येक घडीवर पिवळट, मऊ थर बसला होता. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि आई ती उन्हात ठेवायला सांगते, अगदी तसा. बोटाने दाबला तर ठसा उमटला.

डिझेलमध्ये पॅराफिन, म्हणजे मेण, मुळातच असतं. ते काही भेसळीचं लक्षण नाही, उलट पेटण्याच्या गुणाला ते चांगलंच असतं. थंडी वाढली की आधी त्याचे बारीक कण होतात आणि डिझेल गढूळ दिसतं. आणखी गार झालं की ते कण फिल्टरच्या कागदावर साठून वाट बंद करतात. त्याहून गार झालं की डिझेल वाहायचंच थांबतं. गाडी अडते ती मधल्या पायरीवर. टाकीतलं डिझेल हलवलं तर हलतं, पण फिल्टरमधून जात नाही. म्हणून टाकीत डोकावून काही कळत नाही.

आता हे डिझेल कुठलं? मीच आणलेलं. उधमपूरला टाकी भरली आणि लेहला पंपावर मिळेल न मिळेल म्हणून वीस-वीस लिटरचे दोन कॅनही भरून घेतले. इथे पोचल्यावर दोन्ही टाकीत ओतले. त्यानंतर गाडी फार चालली नाही. म्हणजे टाकीत आजही मैदानातलंच डिझेल आहे. आपल्या मानकाप्रमाणे साध्या डिझेलचं वाहणं थांबायचं तापमान हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत असलेलं चालतं. प्रत्यक्षात ते त्याहून बरं असतं, पण लेहच्या रात्रीला पुरेल इतकं नाही.

दुपारी बाटलीचा प्रयोग केला. टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं, शाळेसाठी आणलेला तापमानाचा प्रोब बुचातून आत सोडला आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर बाटली अंगणात ठेवली. उणे २ला डिझेल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. उणे ४ला बाटलीमागचं वर्तमानपत्र धूसर दिसायला लागलं. उणे ७ला अक्षरं दिसेनात. उणे १२ला बाटली आडवी केली तर डिझेल सावकाश, जड पाण्यासारखं सरकलं. उणे १४ला बाटली उलटी धरली आणि दहापर्यंत आकडे मोजले. एक थेंब हलला नाही. घरच्या आमा-ले (लडाखीत आदराने 'आई') दारात उभ्या राहून बघत होत्या. मी ती बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्यांनीही उलटी धरून पाहिली.

मग उणे ११ला गाडी सुरू कशी झाली होती? याचं उत्तर मिळेपर्यंत मला चैन पडणार नाही.

१३ डिसेंबर, उणे १६

उत्तर मिळालं, आणि ते वर्गखोल्यांच्या कामासारखंच निघालं. ९ तारखेपर्यंत गाडी घराच्या दक्षिण भिंतीला लागून उभी असायची. ती मातीच्या विटांची जाड भिंत दिवसभर उन्हात तापते आणि रात्री ती ऊब सोडत राहते. १० तारखेला बर्फ येईल असं वाटलं म्हणून मी गाडी मागच्या पत्र्याच्या शेडखाली नेली. तिथे दिवसभर ऊन नाही. काल रात्री एक प्रोब शेडखालच्या गाडीच्या टाकीला चिकटवला आणि दुसरा, पाण्याच्या कॅनला लावून, दक्षिण भिंतीशी ठेवला. सकाळी सातला टाकी उणे १३, भिंतीजवळचा कॅन उणे ५. एकाच घराच्या दोन बाजूंमध्ये आठ अंशांचा फरक. माझं सगळं काम उन्हात तापणाऱ्या भिंतींवर चाललंय आणि स्वतःची गाडी मी सावलीत नेऊन ठेवली होती.

आज गाडी सोडवली. आचो-लेंची पद्धत अशी की तव्यात निखारे घेऊन इंजिनाच्या तळाखाली ठेवायचे. इथले ट्रकवाले वर्षानुवर्षं हे करत आले आहेत आणि त्यांना त्याचा अंदाज आहे. मला नाही, आणि माझ्या गाडीखाली नळीच्या सांध्याला डिझेलचा ओलावा होता. मी नको म्हटलं. ते रागावले नाहीत, उलट दोन पोरांना बोलावून त्यांनी गाडी ढकलत दक्षिण भिंतीला आणून लावली.

टाकीखाली काळं प्लास्टिक अंथरलं, बोनेटवर आमा-लेंच्या दोन जाड गोधड्या टाकल्या. फिल्टरच्या बैठकीला आणि नळ्यांना फडकी गुंडाळून त्यांवर गरम पाणी सोडत राहिलो. (इथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, तेवढं पुरलं.) विजेच्या जोडण्यांवर पाणी जाऊ नये म्हणून त्या आधी पिशवीने बांधल्या. नवा फिल्टर पंपावरून आणलेल्या हिवाळी डिझेलने भरून बसवला, हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबून हवा काढली. १.४०ला सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट, एक सिलिंडर, मग दुसरा, मग सगळे. दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. आचो-लेंनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "अब बंद मत करना, चलो पंप पे." आधी टाकी रिकामी करायची आहे असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःचेच कॅन आणून दिले.

नीट ऊब धरल्यावर ३४ लिटर काढलं. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'उन्हाळा' लिहून कोठीत ठेवलं. टाकीत आता २५ लिटर हिवाळी डिझेल. हे डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये खास लडाखसाठी आणलं. उणे ३३ अंशांपर्यंत ते वाहतं. त्याआधी इथले लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, अजूनही कुणीकुणी मिसळतात. जुन्या इंजिनांना ते चालून जायचं. कॉमन रेलचा उच्च दाबाचा पंप मात्र डिझेलच्याच स्निग्धपणावर जगतो आणि रॉकेलमध्ये तो स्निग्धपणा कमी असतो, त्यामुळे मी ते करणार नाही. मेण विरघळवणारं म्हणून एक औषध बाजारात कुणीतरी सुचवलं. ते थिजायच्या आधी घालायचं असतं, थिजल्यावर त्याचा उपयोग नाही.

१६ डिसेंबर, उणे १७

डिझेल बदलून तीन दिवस झाले. सुरू झाली, पण मनासारखी नाही. ग्लो प्लगचा दिवा तीन वेळा फिरवून घेतला, मग चौदा सेकंद सेल्फ, मग पांढरा धूर आणि अर्धा मिनिट थरथर. काल आणि परवाही असंच झालं होतं. दुपारी बारानंतर मात्र पहिल्या झटक्यात सुरू होते.

म्हणजे पहिल्या बिघाडाआड दुसरा लपला होता. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतं आहे, फवारलं जातं आहे, पण न पेटताच वाफ होऊन बाहेर पडतं आहे. सिलिंडरमध्ये ऊब कमी पडते.

डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पुण्यातल्या २७ अंशांच्या हवेऐवजी इथली उणे १८ची हवा आत घेतली तर सुरुवातीला फरक ४५ अंशांचा, पण दाबल्यानंतर तोच फरक वाढून शंभरेक अंशांचा होतो. त्यात लेहची हवा विरळ, समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश दाबाची. त्यामुळे सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी भरते. वर गारठलेल्या लोखंडी भिंती उरलीसुरली ऊब ओढून घेतात. ही तूट ग्लो प्लगने भरून काढायची असते. रत्नागिरीत आणि पुण्यात त्यांच्यावर काही अवलंबूनच नव्हतं. ते कधी गेले हे कुणाला कळलंही नसतं.

१७ डिसेंबर

मोजले. चारही ग्लो प्लगच्या वायरी सोडवून प्रत्येकाचा रोध घेतला. पहिला ०.९ ओहम, दुसरा तुटलेला, तिसरा १.०, चौथा तुटलेला. मग वायरी परत लावून मुख्य वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि किल्ली फिरवली. २५ अ‍ॅम्पिअर. चारही चालू असते तर पन्नासच्या आसपास हवे होते. दोन वेगळ्या रीतींनी एकच निदान आलं की मला बरं वाटतं.

चारही नवे मागवायचे ठरवलं. दोन मेले म्हणजे उरलेले दोन त्याच वयाचे आहेत. लेहच्या बाजारात या इंजिनाचे नाहीत. दिल्लीहून विमानाने येतील. उद्या गालदान नमचोत हा दिव्यांचा सण, २४ला लोसार, म्हणजे लडाखी नववर्ष, बाजार आठवडाभर अर्धा बंद. तोपर्यंत निमूला अकरानंतर निघायचं आणि सकाळची मापं तिथल्या शिक्षकांनी लॉगरमधून (तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्रातून) उतरवून ठेवायची असं ठरलं. त्यांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही. 

१८ डिसेंबर

गालदान नमचोत. घराघरांच्या गच्चीवर दिव्यांच्या ओळी. गाडीचं काम नाही. रात्री बॅटरी मात्र आत आणली, उणे १८ होतं. 

२१ डिसेंबर, उणे १६

पार्ट यायचे आहेत तोवर तेल आणि कूलंट बघून घेतलं. कूलंट बघताना पोटात गोळा आला. हायड्रोमीटरमध्ये तीन थेंब: उणे १३पर्यंतच संरक्षण. पुण्यात सर्व्हिसिंगच्या वेळी पातळी कमी दिसली की नुसतं पाणी घातलं गेलं असणार, दोन-तीन वर्षं. तिथे त्याने काही बिघडत नाही. इथे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा गेला तर इंजिन गेलं. जास्त पाणी मिसळलेल्या कूलंटचा आधी बर्फाळ चिखल होतो, एकदम दगड होत नाही, आणि गोधड्यांखाली इंजिन बाहेरच्या हवेइतकं गार झालं नसावं. तेवढ्यावर ते वाचलं आहे. सगळं काढलं, निम्मं इथिलीन ग्लायकोल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं, इंजिन गरम करून हीटर पूर्ण उघडून फिरवलं, परत मोजलं. उणे ३६. 

थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून लोक बॅटरीकडे धावतात. सुरू न होणं हा मनस्ताप आहे. कूलंट गोठणं हा तोटा आहे, आणि तो आधी काही सांगत नाही. मैदानातून इथे हिवाळ्यात गाडी आणणाऱ्या कुणालाही मी पहिलं हेच तपासायला सांगेन.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० होतं. बाबांनी कायम तेच वापरलं आणि कोकणात तेच योग्य आहे. पण १५डब्ल्यूची थंडीतली चाचणीच मुळी उणे २०ला होते, म्हणजे इथल्या रात्री ते आपल्या मर्यादेवर उभं असतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३०ला होते. काढलेलं तेल सकाळी डब्यातून ओतून पाहिलं, काकवीसारखी जाड धार पडली. नवं ५डब्ल्यू-४० त्याच थंडीत शेंगदाणा तेलासारखं ओतलं गेलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तिथलं तिथल्याप्रमाणे कर. आणि उन्हाळ्यात खाली आणलीस की मला विचार."

३० डिसेंबर, उणे १८

ग्लो प्लग काल आले, आज बसवले. जुने काढणं हेच खरं काम. नऊ-दहा वर्षं सिलिंडर हेडमध्ये बसलेला ग्लो प्लग काजळीने धरून ठेवलेला असतो. जोर लावला तर तो मध्येच तुटतो, आणि तुकडा आत राहिला की हेड उतरवावं लागतं. लेहमध्ये डिसेंबरात हेड उतरवायचं नाही.

आधी निमूपर्यंत जाऊन आलो. इंजिन कडक गरम. काल रात्रीच प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं. पहिला, दुसरा आणि तिसरा सहज सुटले. चौथा अडला. मी पाना धरला होता आणि हाताला ते कळलं: लोखंड सैल होताना एक लहानसा टक् असा धक्का लागतो, तो आला नाही, नुसताच पीळ बसत होता. मी थांबले. आचो-लेंनी पाना घेतला. उलट दिशेला, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला, अगदी केसभर फिरवला. परत सोडायच्या बाजूला केसभर. तेलाचे दोन थेंब. पुन्हा. वीस मिनिटं ते काही न बोलता हेच करत होते, डोळे मिटलेले, जणू नाडी बघताहेत. मग तो टक् आला. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला काजळीचं जाड टोपडं होतं. भोकं साफ केली, नवे आधी हाताने पूर्ण आत फिरवले आणि मग हलक्या हाताने आवळले. क्लॅम्प मीटर: ५२ अ‍ॅम्पिअर.

२ जानेवारी २०२३, उणे १९

पकडते लगेच, थरथर नाही, धूर जवळजवळ नाही. पण आता सेल्फच जड फिरतो. उणे १९ची पहिली सकाळ. तेल पातळ आहे, बॅटरी रात्रभर आत होती, १२.६. मग अडतंय कुठे?

इथे बॅटरी बदलायचा मोह मलाही झाला. थांबले आणि मोजलं. इंजिन-कंट्रोलचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे ते फिरेल पण पेटणार नाही. या जुन्या गाडीत सेल्फ थेट किल्लीवर असल्यामुळे हे जमतं. आमा-लेंच्या नातवाला किल्लीवर बसवलं आणि मी बोनेटखाली. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर ९.४ व्होल्ट. उणे १८च्या सुमाराला साडेआठपर्यंत उतरलं तरी बॅटरी चांगली समजतात. म्हणजे बॅटरी देते आहे, सेल्फला मिळत नाही. मध्ये कुणीतरी खातंय.

मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर, सेल्फ फिरवताना: ०.२५. ठीक. मग एक पिन निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर: १.३ व्होल्ट. अर्थिंगच्या वाटेवर ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये. सेल्फ शेकडो अ‍ॅम्पिअर ओढतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रोधही तिथे व्होल्ट गिळतो.

बॅटरीपासून गिअरबॉक्सकडे जाणारी विणलेली अर्थ-पट्टी वरून ठीकठाक दिसत होती. बोल्ट सोडवला. पट्टीच्या डोळ्याखाली पांढरी-हिरवी भुकटी, आणि ज्या लोखंडावर तो टेकतो तिथे गंजाची खरबरीत चकती. हा गंज लडाखचा नाही. इथली हवा इतकी कोरडी की खिळाही गंजत नाही. ही रत्नागिरीची खारी हवा आहे. बाबा गाडी मांडवीच्या बाजूला लावायचे, समुद्राकडे तोंड करून. तो गंज आठ वर्षं त्या बोल्टखाली बसून होता. कोकणातल्या उकाड्यात सेल्फला जेमतेम जोर लागतो, म्हणून दिसला नाही.

पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासलं, पट्टीचा डोळा घासला, नवा बोल्ट आणि वॉशर लावला, वरून ग्रीस. परत मोजलं: ०.१२. सेल्फचा आवाज एका पट्टीने वर चढला. किल्लीवरच्या पोराने न सांगता मान डोलावली.

बाबांना फोटो पाठवला. थोड्या वेळाने फोन आला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो बोल्ट मी कधी उघडलाच नाही गं." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला उघडायची वेळच आली नाही. त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. सेल्फ घेते का, हा प्रश्न इतक्या लांब कामी आला याचा.

९ जानेवारी, उणे २१

या हिवाळ्यातली माझ्या थर्मामीटरवरची सर्वांत गार सकाळ. मुद्दाम बॅटरी रात्रभर गाडीतच ठेवली, गोधडी घातली नाही. गाडी भिंतीजवळ. ग्लोचा एक फेरा, सेल्फ दोन सेकंद, सुरू. टर्मिनलवर फिरवताना ८.९. पहिल्या दिवशीचे चाळीस सेकंद डोक्यातून जात नव्हते म्हणून पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती ऐकत बसले. मग सातच्या आत निमूच्या रस्त्याला लागले. आज पहिल्यांदा पहाटेची मापं स्वतः घेतली. दक्षिणेकडचा वर्ग अधिक ८, तिथे बाहेर उणे २२.

झोजिला या आठवड्यात बंद झाला. आता काही लागलं तर विमानानेच. कोठीत एक डिझेल फिल्टर, दोन फ्यूज आणि अर्धा लिटर ५डब्ल्यू-४० आहे.

१२ जानेवारी, उणे २०

सकाळी साडेसातला आचो-लेंनी दार वाजवलं. त्यांची पिकअप उठत नव्हती. किल्ली फिरवली तर दिवेही लागत नाहीत. पाच दिवस उभी होती आणि आतला दिवा बहुतेक चालू राहिला होता. त्यांनी जम्परच्या वायरी काढून ठेवल्या होत्या, माझी गाडी शेजारी आणायची एवढंच बाकी.

वायरी लावायच्या आधी बॅटरी बघू म्हटलं. कडेच्या भिंती फुगल्या होत्या. सपाट असायला हव्यात तिथे पोट आलेलं. झाकणावरचं एक बूच उघडून टॉर्च मारला, आत प्लेटांच्या वर पांढरा बर्फ. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५०च्या खालीही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते जवळजवळ पाणीच असतं आणि उणे १०च्या आसपास गोठतं. गोठलेल्या बॅटरीत बाहेरून करंट सोडला तर ती फुटू शकते, आम्ल तोंडावर येतं. आचो-लेंनी वायरी खाली ठेवल्या. "तीस साल में कभी अंदर नहीं देखा," एवढंच म्हणाले.

त्यांची बॅटरी काढून बादलीत ठेवली. भिंती फुगल्या आहेत, वितळल्यावर ती गळेलच. माझी बॅटरी खोलून त्यांच्या पिकअपमध्ये बसवली, मापाने थोडी मोठी, पट्टा पूर्ण आला नाही म्हणून दोरीने बांधली. ग्लोचा दिवा विझल्यावर सेल्फ, चार सेकंद, सुरू. आमा-लेंनी गच्चीवरून हात हलवला. आचो-ले ती तशीच चालवत बाजारात गेले आणि दीड तासाने नवी बॅटरी घेऊन परतले. येताना माझ्यासाठी कागदात बांधलेले चार गरम खांबीर (लडाखी रोट्या) आणले.

दुपारी माझी बॅटरी परत जागेवर. १२.५२. टर्मिनल घासून, ग्रीस लावून आवळले.